मोठ्याने बोला, सिस्टर

ऑपरेशन थिएटरमध्ये नर्सने तोंड बंद ठेवायचं, ही माझी पक्की समजूत होती. नर्सिंग स्कूलला असताना जनरल सर्जरीच्या ओटीत तेच पाहिलं होतं. सरांनी हात पुढे केला की हातात आर्टरी फोर्सेप्स ठेवायचा, बाकी सगळं नजरेने समजून घ्यायचं. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात कार्डियाक ओटीचं पोस्टिंग मिळालं तेव्हा हीच शिस्त गाठीला बांधून गेले, आणि आत पाय ठेवल्यावर चक्रावलेच. तिथे कोणीच गप्प नव्हतं.

"लंग्ज डाऊन." "लंग्ज आर डाऊन." मग करवतीचा आवाज. "लंग्ज अप." "अप, सर." "हेपरिन द्या." "हेपरिन दिलं, नऊ बावीस." "नऊ बावीस, लिहिलं." एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. इथे सगळ्यांनाच कमी ऐकू येतं की काय, अशी शंका मला खरंच आली. त्यात माणसंही किती! सर्जन, दोन असिस्टंट, भूल देणाऱ्या मॅडम, त्यांचा ज्युनिअर, हृदय-फुप्फुसांचं मशीन चालवणारा पर्फ्युजनिस्ट, हात धुऊन टेबलाशी उभी असलेली स्क्रब सिस्टर, बाहेरून सामान पुरवणारी फ्लोअर सिस्टर, वॉर्डातले मामा, साफसफाईच्या मावशी, आणि कोपऱ्यात कुठे उभं राहायचं हे न कळलेली मी.

इनचार्ज सिस्टर मूळच्या केरळच्या, पण महाराष्ट्रात इतकी वर्षं काढलेल्या की चिडल्या तरी मराठीतच चिडतात. त्यांनी मला फ्लोअर सिस्टरच्या हाताखाली दिलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. जमिनीवरच्या एकाही नळीवर, वायरवर पाय द्यायचा नाही. आणि जे काही बोलाल ते मोठ्याने बोलायचं.

त्या नळ्या मुख्यतः हृदय-फुप्फुसांच्या मशीनच्या. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी हृदयप्रत्यारोपण केलं, हे मी शाळेत सामान्यज्ञानात पाठ केलं होतं. पण हृदय काढून ठेवल्यावर अंगातलं रक्त फिरवत कोण होतं, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. ते काम करणारं मशीन पहिल्यांदा यशस्वी ठरलं ६ मे १९५३ला, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात. डॉ. जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं, तेव्हा मशीनने २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुप्फुसं सांभाळली. आता आमच्याकडे तासदोन तास मशीनवर राहणं नेहमीचं आहे.

मशीन जवळून पाहिलं तेव्हा थोडी निराशाच झाली. पारदर्शक नळ्या, खाली एक प्लास्टिकचा हौद, त्याला लागून ऑक्सिजनेटर, आणि रसवंतीच्या चरकासारखे नळी दाबत फिरणारे रोलर. हृदयाच्या उजव्या बाजूचं काळपट रक्त उतारानेच हौदात येतं, ऑक्सिजनेटरमध्ये लाल होतं, हवं तसं गार किंवा गरम केलं जातं, बारीक फिल्टरमधून गाळलं जातं आणि पंपाने महारोहिणीत परत जातं. रक्त उताराने येतं म्हणून टेबल वरखाली करायचं तरी आधी पर्फ्युजनिस्टला सांगावं लागतं. टेबल न सांगता खाली घेतलं तर उतार कमी होतो, हौद रिकामा व्हायला लागतो, आणि रिकाम्या हौदातून पंपाने जी ओढली जाते ती हवा असते. ती धमनीत गेली तर पुढचा मुक्काम मेंदू. नळीवर पाय का द्यायचा नाही, हे मला वेगळं विचारावं लागलं नाही.

मी पाहिलेली पहिली केस पंचविशीतल्या एका बाईंची होती. लहानपणी घसा दुखून ताप आलेला, सांधे सुजलेले, कोणी फार मनावर घेतलं नाही. संधिवाताच्या त्या तापाने हृदयाचा मायट्रल वाल्व हळूहळू आखडला, आणि पहिल्या बाळंतपणात धाप लागली तेव्हा कळलं. आमच्याकडे बऱ्याच बायपास शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावरच होतात, मशीन नुसतं बाजूला सज्ज असतं. पण वाल्व बदलायचा तर हृदय थांबवून उघडावंच लागतं.

त्यांना आत घेताना फ्लोअर सिस्टरने नाव विचारलं, ऑपरेशन कशाचं ते विचारलं, हातातला पट्टा आणि फाइल जुळवून पाहिली. भूल देणाऱ्या मॅडमनी पुन्हा तेच विचारलं. दारापाशी त्यांचा भाऊ उभा होता, तो वैतागून म्हणाला, "अहो ताई, सकाळपासून तिसऱ्यांदा नाव विचारताय, लिहून ठेवा ना कुठंतरी." मलाही मनातून त्याचंच पटत होतं. मग भिंतीवरचा तक्ता वाचला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सर्जरीसाठी ही तपासयादी काढली: भुलीच्या आधी, चिरा देण्याच्या आधी आणि रुग्ण बाहेर नेण्याच्या आधी, अशी तीनदा थांबून मोठ्याने म्हणायची. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात आपलं नवी दिल्लीही होतं. आधी शंभरातले दीड रुग्ण दगावत, ते प्रमाण ०.८वर आलं. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही. नुसतं विचारणं.

चिरा देण्याआधीची नर्सची कामं बाहेरून अगदीच किरकोळ वाटतात. डोक्याखाली जेलची रिंग, टाचा टेबलावर टेकू नयेत म्हणून पॅड, हात अंगालगत घेताना कुठलीही नळी अंगाखाली दबलेली नाही ना, ते बोट फिरवून पाहणं. मशीनवर असताना रक्तदाब कमी आणि अंग गार असतं, माणूस तासन्‌तास एका कुशीचाही बदल न करता पडलेला असतो. जिथे दाब, तिथे फोड. विजेच्या चटक्याने रक्त थांबवणाऱ्या कॉटरीची प्लेट कोरड्या, मांसल जागी नीट चिकटवायची. स्पिरिट असलेलं अँटिसेप्टिक लावलं असेल तर ते पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी सुरू करू द्यायची नाही, कारण ठिणगी आणि स्पिरिट एकत्र आले की पेट घेतात. सर्जन घाईत असले तरी फ्लोअर सिस्टर सरळ म्हणते, "सर, अजून ओलं आहे." आणि सर थांबतात! हे पाहून मी सर्दच झाले.

हेपरिनपाशी मात्र मला घाम फुटला. रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरवायचं तर ते गोठता कामा नये, म्हणून किलोमागे साधारण ३०० युनिट हेपरिन देतात. बाईंचं वजन ५० किलो, म्हणजे १५,००० युनिट. आता हेपरिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात: एकीत मिलीलिटरला १,००० युनिट, दुसरीत ५,०००. एकीतून १५ मिली काढायचं, दुसरीतून ३. दोन्ही बाटल्या लहान, दोन्हींवरची अक्षरं बारीक. म्हणून आमच्याकडे बाटली दोघींनी वाचायची, सिरिंजवर लेबल आधी लावायचं आणि मग भरायचं, आणि देताना युनिटमध्येच बोलायचं, मिलीमध्ये नाही. दिल्यावर काही मिनिटांनी रक्ताचा नमुना घेऊन एसीटी लावतात, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. एरवी शंभर-सव्वाशे सेकंदांत गोठणारं रक्त ४८०च्या वर गेल्याशिवाय पंप सुरू होत नाही. तो आकडा मशीनवर चढताना ओटीतले सगळे त्याच्याकडे कान लावून असतात. "एसीटी पाचशे वीस." "पाचशे वीस, ओके टू गो ऑन."

नळ्या जोडण्याचा क्षण मी स्टुलावर उभी राहून पाहिला. सर्जनच्या एका हातात महारोहिणीत घातलेली कॅन्युला, दुसऱ्या हातात मशीनकडून आलेली नळी, आणि स्क्रब सिस्टर दोन्ही तोंडांवर सलाईनची धार धरून उभी. दोन्ही टोकं काठोकाठ भरलेली असताना पाण्यातच जोडायची, म्हणजे मध्ये बुडबुडा राहत नाही. जोडल्यावर सगळ्यांनी नळी डोळ्यांजवळ घेऊन पाहिली. अर्ध्या डाळीएवढा बुडबुडा दिसला. परत क्लॅम्प, परत सोडवलं, परत धार. कोणी चिडलं नाही, कोणी उसासाही टाकला नाही. स्क्रब सिस्टरच्या उजव्या हाताशी नळीचे दोन मोठे क्लॅम्प कायम ठेवलेले असतात आणि ते दुसऱ्या कशासाठीही उचलायचे नाहीत. नळी निसटली, फाटली, हवा दिसली, तर शोधायला वेळच नसतो.

"ऑन पंप." "फुल फ्लो." "व्हेंटिलेटर ऑफ." मॉनिटरवरची रक्तदाबाची लाट हळूहळू चपटी झाली. मग महारोहिणीवर "क्लॅम्प ऑन", पांढऱ्या फळ्यावर वेळ, चार अंशांवर थंड केलेलं पोटॅशियमचं, हृदय थांबवणारं कार्डिओप्लेजिया, आणि ईसीजीची रेघ सरळ. वॉर्डात अशी रेघ दिसली की आम्ही धावतो. इथे मॅडमनी अलार्म बंद केला आणि युरिन बॅग किती भरली ते मला विचारलं.

हृदय गार ठेवायला सलाईनचा बर्फ लागतो. मामा गोठलेल्या बाटल्या कापडात गुंडाळून हातोडीने ठोकत होते, आणि इतक्या नाजूक खोलीत हे काय चाललंय, असं मला वाटत होतं. तो बर्फ भुसभुशीत लागतो. टोकदार खडा आत गेला तर हृदयाच्या बाजूने जाणाऱ्या, श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसेला इजा होते. स्क्रब सिस्टर वाडग्यात बोटांनी चाळून खडे बाजूला काढते, मगच देते.

वाल्वचा मापक आत बसवून सर म्हणाले, "ट्वेंटी सेव्हन, मायट्रल." फ्लोअर सिस्टरने कपाटातून खोकं आणलं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बनवलेला, १९९०पासून माणसांना बसवला जाणारा देशी वाल्वही त्या कपाटात असतो. खोकं उघडण्याआधी तिने वाचलं: कंपनी, मायट्रल, सत्तावीस, एक्सपायरी. मग खोकं स्क्रब सिस्टरच्या डोळ्यांसमोर धरलं, तिने परत वाचलं. सरांनी तिसऱ्यांदा म्हटलं. त्यानंतरच सील तुटलं. वाल्वच्या नंबरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवायचं, एक योजनेच्या कागदांसाठी, कारण बाईंचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत होता. आणि तो नंबर बाईंना जन्मभर लागणार होता.

आता सुयांचं सांगते, कारण माझी झोप त्यांनीच उडवली होती. वाल्व बसवताना गोलाकार टाके घालतात, हिरवा-पांढरा-हिरवा-पांढरा, म्हणजे दोऱ्यांची सरमिसळ होत नाही. प्रत्येक दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई. त्या दिवशी चौदा टाके, म्हणजे अठ्ठावीस सुया. टाके वाल्वच्या कडेतून ओवून झाले की सुया कापून परत देतात, भराभर, मूठभर, ओल्या हातमोज्यांतून. स्क्रब सिस्टर एकेक सुई चुंबकाच्या डबीत लावते. हृदयाचा कप्पा शिवण्याआधी मोजणी. तीही मोठ्याने, दोघींनी एकाच वेळी, एकाच भाषेत. इनचार्ज सिस्टरचा नियम असा की मनातल्या मनात मोजलेलं धरायचं नाही.

"ट्वेंटी फाइव्ह, ट्वेंटी सिक्स, ट्वेंटी सेव्हन."

डबी संपली. आम्ही परत मोजलं. सत्तावीसच.

फ्लोअर सिस्टरने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांग." क्लॅम्प लागून तासाच्या वर वेळ झाला होता. गार केलेलं हृदयसुद्धा अमर्याद काळ थांबत नाही, हे मला एव्हाना समजलं होतं. आणि मी, ओटीतली सगळ्यात कनिष्ठ, सरांना सांगणार की थांबा? घशातून जो आवाज आला तो माझाच होता यावर माझा विश्वास बसला नाही. "सर, सुई काउंट करेक्ट नाही. एक कमी." सरांनी मान वर केली नाही. "एक कमी," ते परत म्हणाले, आणि हात थांबवून कप्प्यात पाहायला लागले. पर्फ्युजनिस्टने वेळ सांगितली. असिस्टंटने स्वतःच्या बाह्या, ड्रेपच्या घड्या तपासल्या. मावशींना जागेवरच उभं राहायला सांगितलं, कारण चपलेच्या तळव्याला चिकटून सुई बाहेर गेली तर ती कायमची गेली. आम्ही दोघी खाली बसून रक्त टिपायला वापरलेले मॉप एकेक करून पसरायला लागलो, हाताने नव्हे, चिमट्याने. रक्ताने माखलेल्या चौथ्या की पाचव्या मॉपच्या घडीत ती होती, बोटाच्या पेराहूनही लहान.

"सुई मिळाली. काउंट करेक्ट, ट्वेंटी एट."

"करेक्ट," सर म्हणाले. "क्लोजिंग." एवढंच. शाबासकी नाही आणि ओरडाही नाही. मिळाली नसती तर एक्स-रे काढूनच पुढे गेले असते. याहून बारीक दोऱ्यांच्या काही सुया तर एक्स-रेतही धड दिसत नाहीत, म्हणून मोजणीवरच सगळी भिस्त.

क्लॅम्प काढताना पुन्हा हवेचं भय, कारण हृदय उघडलं होतं म्हणजे आत हवा भरलीच असणार. डोक्याकडचं टेबल खाली, मॅडमनी हाताने फुगवलेली फुप्फुसं, महारोहिणीच्या मुळातून हवा ओढणारी बारीक नळी, आणि अन्ननलिकेतून घातलेल्या इकोच्या पडद्यावर पांढरे ठिपके मावळताना पाहणारी आम्ही सगळी. हृदय थरथरायला लागलं, ठेका धरेना. "पॅडल्स." हे पॅडल छातीवर नव्हे, थेट हृदयाला लावतात, म्हणून शॉकही दहा-वीस ज्यूलचा. बाहेरून देतात तो याच्या कितीतरी पट. फ्लोअर सिस्टरने बटण दाबण्याआधी पडद्यावरचा आकडा वाचला, "टेन ज्यूल," आणि सरांनी परत म्हटल्यावरच चार्ज केलं.

मशीन थांबल्यावर हेपरिनचा उतारा द्यायचा, प्रोटामिन. हे पूर्वापार माशांपासून काढलेलं औषध, आणि सावकाश द्यावं लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळतो. मला वाटलं होतं सगळी औषधं सकाळीच भरून ठेवत असतील. प्रोटामिन तसं नाही. ते वेगळ्या ट्रेमध्ये, न फोडलेलं, आणि पंप बंद होऊन सर्जन मागेपर्यंत सिरिंजमध्ये भरायचंच नाही. मशीन चालू असताना चुकून गेलं तर नळ्यांतलं, ऑक्सिजनेटरमधलं रक्त थिजेल. म्हणून "प्रोटामिन स्टार्टेड" ही ओटीतली सगळ्यात मोठ्याने केलेली घोषणा असते आणि तिचं उत्तर तिघांकडून यावं लागतं. पर्फ्युजनिस्ट म्हणतो, "पंप सकर्स ऑफ." तिथून पुढे छातीतलं रक्त मशीनमध्ये ओढायचं नाही, कारण परत पंपावर जायची पाळी आली तर ते मशीन शाबूत हवं.

मशीनशेजारी रक्त गार-गरम करणारं एक पाण्याचं यंत्र असतं. त्याच्या पंख्याचं तोंड टेबलाकडे करायचं नाही, हे मला मामांनी सांगितलं. २०१५च्या सुमारास युरोपात असं दिसून आलं की या पाण्यातला क्षयाच्या जातकुळीतला एक जंतू पंख्याच्या हवेतून उघड्या छातीपर्यंत पोचतो आणि त्याचा त्रास कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतो. तेव्हापासून त्या पाण्याकडेही औषधाइतकंच लक्ष असतं.

छाती तारेने बांधली, शेवटची मोजणी जुळली, ड्रेसिंग झालं. मी सवयीने ट्रॉली आवरायला पुढे झाले तर इनचार्ज सिस्टरने हातानेच अडवलं. रुग्ण आयसीयूत पोचून स्थिरावल्याचा निरोप येईपर्यंत स्क्रब सिस्टर गाऊन काढत नाही आणि ट्रॉली मोडत नाही. लिफ्टच्या दारात रक्तदाब गेला तर छाती परत उघडायला करवत, तारा कापायची पक्कड आणि क्लॅम्प निर्जंतुक तयार हवेत. नंतर फोन आला, बाई ठीक आहेत. तेव्हा कुठे पहिलं अवजार तसराळ्यात पडलं.

एक शंका मात्र राहिली होती. लाइट गेली तर? पुढे एका सुट्टीच्या दिवशी ओटी रिकामी असताना मी पर्फ्युजनिस्ट सरांना विचारलं. जनरेटर आहे, मशीनला बॅटरी आहे, ती रोज सकाळी तपासली जाते. आणि त्यानंतर? त्यांनी मशीनच्या कडेचा एक लोखंडी हँडल काढला, रोलरला लावला आणि माझ्या हातात दिला. हाताने फिरवायचं, ठरलेल्या दिशेनेच, ठरलेल्या वेगाने. उलटं फिरलं तर रक्त माणसातून बाहेर ओढलं जातं. रिकाम्या नळीवर फिरवतानाही काही मिनिटांत माझा दंड भरून आला. ते म्हणाले, "खऱ्या वेळी माणसं आळीपाळीने लागतात. म्हणून तुम्हालाही यायला हवं."

कार्डियाक ओटीत नव्याने येणाऱ्या सिस्टरांना माझं सांगणं आहे: हँडल कुठल्या खणात असतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि केस नसताना एकदा फिरवून पाहा. कोणी नाही म्हणत नाही.